भरती-ओहोटी

बंदराच्या कचेरीत फुकट मिळतो हा तक्ता.
त्याच्या कोऱ्या पाठीवर मी आठ आठवडे आखलेत,
पेन्सिलनं.
फेरो बेटांवर जानेवारीत शाईनं लिहिणं
म्हणजे वाऱ्याची खोडी काढणं.

पहिला आठवडा: नुसतं पळणं.
चर्चपासून मेंढ्यांच्या कुंपणापर्यंतचा चढ,
सहा वेळा.
नाताळातलं सुकं मटण घामातून बाहेर पडेपर्यंत,
असं मनात. कागदावर: दमसास.

सूर्य पावणेदहाला येतो
आणि तीनला दुकान बंद करतो.
म्हणजे सराव संध्याकाळी, दिव्यांखाली.
चारातला एक मागल्या वादळापासून
डोळा मारतोय.

तुम्मास सामनच्या पिंजऱ्यांवर कामाला,
मंगळवार-गुरुवार नाही.
जुळे भाऊ समुद्राखालचा बोगदा खणताहेत,
त्यांना फक्त शनिवार, तोही कानांत सुरुंग घेऊन.
रेग्वी, आमचा गोलरक्षक,
बॅरेंट्स समुद्रात कॉडच्या मागे.
तो बावीस तारीख म्हणतो.
जहाज काय म्हणतंय, ठाऊक नाही.
त्याच्या नावापुढे गेल्या वर्षीचंच प्रश्नचिन्ह.
तेव्हा तो उगवला थेट मार्चमध्ये,
तळहातांना दोरांचे घट्टे,
एकही सराव न करता पेनल्टी अडवली
आणि म्हणाला, "जाळ्यापेक्षा हलकी."
माझ्या सगळ्या रकान्यांवर पाणी!

मार्युन क्लबचा हिशेब बघते, मासळी कारखान्याचाही.
म्हणते, तोर्सहावनचे क्लब जातात स्पेनला शिबिराला,
जाऊ देत.
आपल्याकडे पैसे बारा चेंडूंपुरते,
त्यातले तीन समुद्राचे.

खरंच आहे. उत्तरेच्या गोलामागे थेट समुद्र.
म्हणून तक्त्याची सुलट बाजूही लागते मला:
कॉर्नरचा सराव ओहोटीला,
तेव्हा चेंडू खडकांत अडकतात,
हेग्नीला होडी काढावी लागत नाही.

खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं,
भरती: शून्य. ओहोटी: दोन.
एक कोपनहेगनला सुतारकी शिकायला,
एकाचा गुडघा.
मार्युननं माझ्या हातातली पेन्सिल घेतली,
शून्य खोडलं,
लिहिलं: रोडेल.

सेबूहून मावशीकडे आलेला सतरा वर्षांचा पोरगा,
कारखान्यात मासे सोलायच्या रांगेत शेवटून दुसरा.
परवा पाहिलं त्याला मैदानावर,
दोन कानटोप्या एकावर एक.
वाऱ्याच्या तोंडावर त्यानं चेंडू उडवला.
चेंडू वर गेला,
थबकला,
आणि मुकाट परत आला त्याच्याच पायाशी.
तो खुदकन हसला.
तीस वर्षं आम्ही या वाऱ्याला शिव्या घातल्या,
पास म्हणून कुणी झेलला नव्हता.

तिसरा ते सहावा: पास, पास, डोंगर, पास.
तपशील सांगत नाही, पलीकडच्या बेटावर
माझा चुलतभाऊच प्रशिक्षक आहे.

सातवा आठवडा कोरा.
क्लबच्या मंडळाला वाटतो आळस.
पण तो दरवर्षी काहीतरी घेऊनच जातं,
वादळ, नाहीतर फ्लू,
नाहीतर एखाद्या जहाजाचा बंद पडलेला रेडिओ.
एका वर्षी आम्ही सगळे
बूट न काढता मैदानातून धक्क्यावर गेलो होतो
आणि चार रात्री तिथंच उभे होतो.
खिळ्यांचे ओरखडे अजून आहेत फळ्यांवर.

आठवा: मैत्रीचा सामना,
फेरी सुटली तर.

काल रात्री कागद खोलीत टाचला,
चारी कोपऱ्यांना टाचण्या,
वर एक जादा, वाऱ्याच्या नावानं.
सकाळी बघतो तर कुणीतरी उलटा लावलेला,
भरती-ओहोटीची बाजू वर.
अंगठ्याचा डाग तेलाचा, म्हणजे हेग्नी.

असू दे.
मागची बाजू माझी पाठ आहे.
मी आजची ओहोटी पाहिली, सात वाजून वीस,
आणि कॉर्नरचे झेंडे काढायला गेलो.