गुप्त पान

संस्था एकच, पत्र एकच, सही अध्यक्षांची:
एक तारखेपासून यावलची मागची खोली बंद.
वाचायची खोली तिथेच राहील, मुलं तिथेच,
खडखडणारा पंखाही.
फक्त नोंदणी, वर्गांक, चिठ्ठ्या, शिक्के
अंमळनेरला.
आणि त्यांच्या मागून मी, सिकंदर तडवी, परिचर.

बावीस वर्षं पुस्तक पुढे जाण्याआधी
माझ्या हातून गेलं.
खळ मी घरी शिजवायचो,
मैद्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही.
त्या पातेल्याला बायकोने लाल चिंधी बांधलेली,
चुकून कुणी डाळ लावू नये म्हणून.

केळीच्या खोक्यांत सात दाखल नोंदवह्या.
टेम्पोत मी त्यांच्या शेजारी,
चोपड्यापर्यंत एका हाताने दोरी धरून.
तापीच्या पुलावर वाऱ्याने वरच्या वहीचं पान उलटलं,
एकोणीसशे एकाहत्तर, नेहेते सरांचं अक्षर,
प्रत्येक र ला टोपी घातल्यासारखी.

अंमळनेरला कोकिळा देसले.
त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली, पोलादी पट्टी,
आणि संगणक, ज्याला उष्मा सोसत नाही म्हणून
कूलर त्याच्याकडे तोंड करून.
आम्ही दोघं घामात.

४११७ दोन्हीकडे निघालं.
आमचं कपाशीवरच्या बोंडअळीचं, त्यांचं एक नाटक.
मग आमच्या आकड्याआधी ‘या’ लागला,
परगावी गेलेल्या माणसाच्या नावाआधी
लोक गाव लावतात तसा.

शेऱ्याचा रकाना कुठे, मी विचारलं.
नाही, म्हणाल्या. नव्यात शेराच नाही.
मी वही त्यांच्यापुढे सरकवली.
‘मुखपृष्ठ शेळीने खाल्ले. दंड माफ.’
‘नेणारा सीमा दलात भरती. पत्र पाठवले.’
‘पुन्हा पत्र पाठवले.’
‘पुस्तक टपालाने आले. वाळूसह.’

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग पानं आणि उंची लिहायची जागा उघडली
आणि टाइप केलं:
दोनशे बारा पाने, बावीस सेंमी, वाळूसह.

आता राहिलं एकच.

प्रत्येक ग्रंथालयाचं एक पान ठरलेलं असतं.
पहिलं पान फाडा, पाठीवरचा आकडा खरवडा,
रद्दीत विका,
आतल्या त्या एका पानावर बारीक शिक्का असतो
आणि तो पुस्तकाला घरी घेऊन येतो.
आमचं पान नेहेते सरांनी मला सांगितलं
तेव्हा दार लोटून घेतलं होतं.
सर गेले. नंतरच्या साहेबांनी कधी विचारलं नाही.
बायकोलाही ठाऊक नाही,
आणि तिला पातेल्यापासून पगारापर्यंत सगळं ठाऊक आहे.

संगणकात जागा एकच होती, तीन आकडी.
बाईंनी ती रिकामी ठेवली.
मीही ‘भरा’ म्हणालो नाही.
चहा आला, निवला, साय धरली.

सोमवारी नवीन पुस्तकांचा पहिला गठ्ठा आला,
दोन्ही कॉलेजांच्या नावे एकच बिल.
मी सुतळी सोडली, खळीचा डबा उघडला.
बाईंनी वरचं पुस्तक घेतलं, माझ्याकडे पाठ केली,
शिक्का उठवला.
मग पुस्तक तसंच माझ्यापुढे सरकवलं.
‘ल्या भाऊ, आते तुमनं,’ म्हणाल्या,
आणि खिडकीतून सायकल स्टँडकडे बघत उभ्या राहिल्या,
तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

शाई ओली असताना पुस्तक मिटत नाहीत.
हे तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला
मी सांगायला नको.

पुस्तक त्यांच्या पानावर उघडं होतं.
मी आकडा वाचला.
फुंकर घातली, वाळू दिलं,
मग माझं पान काढलं, शिक्का मारला,
आणि मीही मिटलं नाही.

कितवं, ते इथे लिहीत नाही.