लडीचं पोट

सोलापुरात थंडी येते पाहुण्यासारखी,
चार दिवस, आणि तेवढ्यात आमची धांदल.
पेटीखालची गरम चटई मी रात्रभर चालू ठेवली.
बॉल पायथन, दोन हात लांब,
नोंदणीचा कागद कपाटात, विम्याच्या पावत्यांशेजारी.
घाबरली की वेटोळं करून सुताची लड होते,
म्हणून नाव लडी.

अप्पा तिच्याकडे बघत नसत.
तीस वर्षं रंगखात्यात उकळत्या पिंपात सूत बुडवलं त्यांनी.
जिवंत जीव पेटीत ठेवणं त्यांना पटत नाही.
त्या सकाळी पाणी बदलायला मी तिला उचललं
तर मागून म्हणाले, "पोट दाखव."

पांढरं पोट. मधोमध चार बोटांच्या पट्ट्यात
गुलाबी, पहिल्या धुण्यात पसरावा तसा
कच्चा रंग.
मी म्हटलं, कात टाकायची असेल, तेव्हा होतं असं.
"कात सगळ्या अंगाला येते. हे एका जागी आहे, चटईएवढं."
मग तेलुगूत, स्वतःशीच: कालिंदि.
मराठीत ते नदीचं नाव, जिच्या डोहात साप राहायचा.
आमच्या घरात त्याचा अर्थ, भाजलंय.

मी चटईला हात लावला आणि ओढून घेतला.
तापमान मोजणारी तार निसटून भिंतीला टेकलेली,
गार भिंतीचा आकडा इमानदारीत सांगत.
आणि लडी तिथून हललीच नव्हती.

डॉक्टर शहनाज बागवान होटगी रोडला कुणाची म्हैस तपासत होत्या,
फोनमध्ये मागे हंबरणं.
म्हणाल्या, पोटाखाली ऊब तिला हवीच असते हो,
उबेचा चटका कधी झाला ते उशिरा कळतं.
फोड? नाही. ओल? नाही. वास? नाही.
मग आधी चटई बंद. बर्फ नको.
हळद नको, तूप नको, टूथपेस्ट तर नकोच.

अप्पांनी मान फिरवली.
शहात्तर साली त्यांना टूथपेस्टच फासली होती,
कोपरापर्यंत.

घमेल्यात साधं गार पाणी, पोट बुडेल इतकंच, डोकं वर.
आयोडीन पातळ करायचं कोऱ्या चहाच्या रंगाचं.
"कोणाच्या घरचा चहा?" अप्पांनी विचारलं
आणि ग्लास खिडकीशी धरून
एकेक थेंब सोडत राहिले,
छटा जमेपर्यंत. मला घाई करू दिली नाही.
मलम कापसानं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं.
फोड आला, खवला पांढरा पडला,
तर रात्र असली तरी घेऊन या, असं बाईंनी दोनदा बजावलं.

पेटीतला भुसा मी काढला, टॉवेल अंथरायला घेतला,
गावचाच, मऊ.
अप्पांनी ओढून घेतला. "टर्किशचे फासे खवल्यात अडकतील."
मग जुनी वर्तमानपत्रं, रोज नवी घडी.
पेटीचं दुसरं टोक दिव्याने दुरून उबदार.

अकरा दिवस तिने उंदराकडे बघितलं नाही.
अप्पांनी भाकरी अर्धीच खाल्ली, चटणी तिखट झालीय म्हणाले.
बाराव्या दिवशी तिने घेतला.

मार्चात एकदा, मेच्या उन्हात दुसऱ्यांदा तिने कात टाकली.
दुसरी कात अप्पांनी गच्चीवर उजेडात धरली,
तुटका धागा शोधावा तशी ओळ न् ओळ चाचपली.
एक खवला वाकडा.
"सेकंड माल," ते म्हणाले, "चालेल."
घडी घालून कात नेली कुठेतरी. मी विचारलं नाही.

यंदाच्या डिसेंबरात चटई नवी, यंत्र नवं.
झोपण्याआधी अप्पा पेटीपाशी बसतात,
उजवं मनगट चटईवर टेकवून काहीतरी मोजतात.
त्याच मनगटावर ती चकचकीत जागा, केस न उगवणारी,
जिला गरम-गार कळत नाही,
त्यांनीच एकदा सांगितलं होतं, सहज, दाढी करताना.
"बरोबर आहे," म्हणतात, आणि जातात.

त्यांचं घोरणं सुरू झालं की मी उठतो.
आकडा बघतो.
एकतीस.