पंचवीस

नंदेश्वर मिस्त्रीनं पाना लावला, काढला.
पुन्हा लावला.
"नाही निघून राह्यलं साहेब," म्हणाला.
"कोनं आवळलं हे?"

कामठी रोडला, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे,
कडुनिंबाखाली माझी गाडी
दातांच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी, आ वासून.
साडेनऊच वाजले होते, पण मे महिना;
पत्रा हात लावू देत नव्हता.
"असेल कोणीतरी," मी म्हणालो. "शोरूमवाला."

ऑइल फिल्टरचं हाउसिंग:
मुठीएवढी काळी प्लास्टिकची टोपी,
नळ्या आणि तारांच्या मागे, अशा बोळात
जिथे हात जातो पण मनगट वळत नाही.
सहा कोपऱ्यांतले चार गोल झालेले.
बत्तीसचा सॉकेट त्यावरून नुसता फिरायचा.

पॉलिश पेपरची घडी आत कोंबली. घसरला.
जुन्या फॅनबेल्टचा फास टाकला. बेल्ट तुटला.
मग कूलरच्या स्टँडचा पाइप
पान्याच्या दांड्यावर चढवला, दोघं लटकले,
आणि आत कुठेतरी बारीक
कट्‌
झालं.
सगळेच थांबलो.
"हे फुटलं ना, तुकडे आत जातीन. मंग खोला इंजिन."
"छिन्नी मारू का?" प्रज्वल, त्याचा हेल्पर,
डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला.
"तुह्या बापाची हाय का गाडी?"

पाइप त्यानं झाडाला टेकवून ठेवला.
इंजिन पाच मिनिटं चालू केलं, बंद केलं, चहा सांगितला.
आणि चहा येईस्तोवर टोपीवरून बोटं फिरवत राहिला,
बघत मात्र होता रस्त्यावरच्या ट्रककडे.
"आवळणारा मिस्त्री नव्हता," म्हणाला.
"मिस्त्री आवळते ते पुढं खोलाचं हाय म्हनून.
हा भेलेला होता."

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, मानेवाड्याच्या घरी,
पोर्चमध्ये चटई टाकून, मोबाइल टायरला टेकवून
मीच बसवली होती ती.
हजार-बाराशे वाचले म्हणून सगळ्यांना सांगितलंही.
एक थेंब गळता कामा नये म्हणून
आणखी एक आटा,
मग पाय भिंतीला लावून आणखी अर्धा.
त्या रात्री दोनदा उठलो टॉर्च घेऊन.
डाग नव्हता.

"असेल भेलेला," मी म्हणालो.

स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं
त्यानं कडेकडेनं ठोकलं, हळूच,
टरबूज घेताना वाजवतात तसं.
चिंधी घालून सॉकेट बसवला.
झटका नाही. नुसता भार
दिला, आणि देत राहिला.
आधी काहीच नाही.
मग टुक.
एवढंच. दीड तास ह्या एवढ्याशासाठी.

फिल्टर निघाला, काळा, चेपलेला.
रिंग तर भाजून बिस्किटासारखी मोडली त्याच्या हातात.
"तेलच नाही लावलं इले. कोरडीच घातली."
नव्या रिंगेवर त्यानं तेलाचं बोट फिरवलं,
पूर्ण गोल, सावकाश,
बाळाची टाळू भरावी तसं.
मग टोपी पुसली, उन्हात धरली:
मळ निघाला तसा प्लास्टिकमधूनच उठलेला
एक बाण, आणि आकडा.
पंचवीस.
"किती आवळाचं ते लिहूनच हाय साहेब.
कोपरे गेले, आटे चांगले हायेत. पुढच्या खेपेले बदला."
आखूड पाना घेतला त्यानं,
आणि वाण्यानं हातात गूळ तोलावा तसा
एका जागी थांबला.

चारशे म्हणाला. पाचशे दिले, शंभर परत घेतले नाहीत.
त्यानं नोटेकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.
काही विचारलं नाही.

घरी नलिनी लोणच्याची बरणी उलटी करून
उंबऱ्यावर आपटत होती.
एकोणीस वर्षं आपटते आहे.
रात्री मी मोरीतला नळ बंद केला,
जिथे थांबला तिथेच सोडला.
थोड्या वेळानं
एक थेंब पडला बादलीत.
मग दुसरा.
मी पडूनच राहिलो.