पुरवणी हरकत

मा. नगररचना अधिकारी साहेब,
मी शालिक निमजे, निवृत्त अनुरेखक,
राहणार ताणापुरा, जुनं नागपूर.
माझी हरकत त्या रेषेवर आहे
जी मीच ओढली होती.

शहाऐंशीचा मे. कूलरचा वाळा सुकलेला.
ट्रेसिंग पेपरवर घाम पडू नये
म्हणून मनगटाला रुमाल बांधून बसायचो आम्ही.
साहेबांनी पेन्सिलीनं खूण केली, मी शाई भरली :
रुंदी बारा मीटर, चौकापासून सरळ.
पेन पाच घरांमधून गेलं.
तिसरं माझं.
कागदावर ते मुगाच्या डाळीएवढं होतं
आणि माझा हात, खोटं कशाला सांगू, हलला नाही.
संध्याकाळी रेषेची तारीफ झाली.
येताना मी पावभर जिलेबी आणली,
त्याच घरात बसून खाल्ली.

मग रेषा निजून राहिली.
यंदा पोळ्याच्या आठवड्यात दोन पोरं आली, लाल रंगाचा डबा घेऊन,
आणि शेवंता बारापात्रेच्या दाराशेजारी बाण काढून गेली.
दारात पळसाचा मेढा होता, तिनं तो हलवला नाही.
मला म्हणाली,
"मारबतीसंगं हा बाणही जाईन का गा, भाऊ?"
मी म्हटलं, अर्ज करून पाहू.

तुमच्या फॉर्मात रकाना आहे, वास्तूची शैली.
कमान नाही, साहेब. नक्षी नाही.
कौलं, माती, जिथं पडझड झाली तिथं सिमेंट.
पण प्रत्येक घरात जमिनीत एक खड्डा आहे, मांडीइतका खोल,
त्यात पाय सोडून माणूस मागावर बसायचा.
आता कुठं कांदे, कुठं गॅसची टाकी,
आमच्यात नातीची मोडकी सायकल.
बुजवायला कोणाचा हात धजला नाही.
याला कोणती शैली म्हणतात, मी कुठं शिकलो नाही.

आणि गल्ली अरुंद आहे असं तुम्ही लिहिता.
ती मोजून ठेवलेली आहे.
पहाटे इथं ताणा पसरायचा, खुंट्यापासून खुंट्यापर्यंत,
दोन्ही अंगांनी दोन माणसं कुंचा फिरवत, खळ लावत चालायची,
ऊन भाजायच्या आत सूत वाळायचं.
दोन माणसं आणि मधे एक ताणा,
तेवढी रुंदी.
हा रस्ता नाही, साहेब. हे अवजार आहे.

मंगळवारी मोजणीवाले येणार कळलं
तेव्हा चिंधूजी हेडाऊंनी पेटीतलं शेवटचं सूत काढलं.
वय एक्क्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू.
पोरांना खळ ठाऊक नाही, रेशनचा तांदूळ जास्तच शिजला,
अर्ध्या गल्लीला पेजेचा वास.
ताणा पसरला तर गल्लीच दोन हात कमी पडली :
कुंभाऱ्यांनी स्कूटरसाठी उतार बांधलाय.
त्यावरून भांडण. ते अजून मिटलेलं नाही.
तेवढ्यात तुमचा माणूस टेप घेऊन आला,
सुताखालून वाकून जाऊ लागला, थांबला.
"काय आहे हे, काका?"
"गल्ली आहे," चिंधूजी म्हणाले. "धर तिकडून."
त्यानं टेप खाली ठेवली आणि धरलं.
पंधरा मिनिटं सरकारनं आमचा ताणा धरला होता,
याची नोंद घ्यावी.

कालच्या सुनावणीला मी खिशात अर्धं ब्लेड आणलं होतं.
शाईची रेषा खरवडता येते, हात हलका हवा,
कागद फाटत नाही, फक्त थोडा पांढुरका होतो.
चाळीस वर्षं हेच केलं मी, दुसऱ्यांच्या चुकांचं.
पण नकाशा आता पडद्यावर.
बाईंनी बोटानं मोठा केला, आमचं घर भिंतभर झालं,
आणि रेषाही.

ब्लेड चिंधूजींना दिलं. तुटक्या धाग्यांची टोकं कापायला बरं.
पुढली तारीख सोळा आहे.
मोजणी परत होणार असेल तर आदल्या दिवशी कळवावं.
खळ रात्रीच शिजवून ठेवावी लागते.