चार बोटं

पूर्वी चाक आणि मडगार्डच्या मधे
आडवी चार बोटं मावायची.
उद्यमनगरात यासीन मुजावरनं
एका शनिवारच्या संध्याकाळीत ती काढून घेतली.
कंपनीच्या स्प्रिंगा जुन्या पेपरात गुंडाळून
हातात दिल्या, म्हणाला,
"टाकू नको भावा. मन बदलतं."

तेव्हापासून हे गाव मला खालून कळलं.
शाळेपुढचा ब्रेकर, दवाखान्यापुढचा,
आणि कुणाच्या तरी पोराचा पाय मोडला म्हणून
गल्लीनं रातोरात सिमेंट ओतून केलेला एक,
ज्याला ना पट्टा ना पाटी.
तिरकं जायचं. आधी डावं पुढचं चाक,
मग उजवं, मग श्वास,
मग मागची दोन, एकेक,
म्हातारी नदीत पाय टाकते तसं.
मागं हॉर्न. रिक्षावाला शेजारून जाताना वाकतो,
"चालत या की पावणं, लवकर पोचशीला."

उभी असताना पळाल्यासारखी दिसते,
आणि पळते उभी असल्यासारखी.

गंगावेशीत धारेला म्हशी उभ्या असतात.
उंच गाड्यांतल्या लोकांना शिंगं दिसत असतील.
माझ्या काचेला लागून आचळ,
चरवीत पडणारी धार,
कुणाच्या तरी चपलेची झिजलेली टाच.
हे कुणाला सांगावं?
वैजू म्हणते, साडी नेसून यातनं उठायचं
म्हणजे विहिरीतनं वर यायचं.
भाऊ संताजीची गाडी कंपनीनं सोडली तशीच.
तो खड्ड्यात घालतो आणि फोनवर बोलत राहतो.
खड्डा होता, हे त्याला मी सांगितल्यावर कळतं.

गल्लीतली पोरं वेगळ्याच कारणानं चिडलेली:
बॉल आता खालून आरपार जात नाही.
इंजिनाच्या उबेला निजणारी मांजरी
एकदा वाकून बघून गेली,
परत आली नाही.

आण्णांनी चाळीस वर्षं फाउंड्रीत साचे भरले.
पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले,
"साष्टांग नमस्कार घालायला घेतलीस काय रं ही?"
ब्रेकर आला की दोस्त उतरतात,
चार पावलं चालतात, पलीकडं पुन्हा बसतात.
आण्णा उतरत नाहीत.
खालून खर्रर्र झालं की डोळे मिटून सांगतात,
"पाइप न्हवं. क्रॉसमेंबर."
यासीननं वर घेऊन बघितली की तेच निघतं.

गळिताच्या दिवसांत, बावड्याकडून लग्नातनं परतताना,
ट्रॉलीतनं सांडलेला ऊस रस्त्यात आडवा.
संताजीच्या खालून तो तसाच गेला असता.
आमच्या खाली शिरला, आणि फरफटत आमच्याबरोबर निघाला.
थांबलो. मी पायपुसणं शोधेपर्यंत
आण्णा दोन हिसके देऊन, एकदा देवाचं नाव घेऊन
बाहेर. डांबरावर पालथे,
लग्नाचा कोट अंगात, मोबाइलची बॅटरी दातात.
"जॅक लाव."
लावला.
बराच वेळ नुसते पाय दिसत होते,
एका मोज्याला भोक.

हातभर कांडं घेऊन बाहेर आले.
एका टोकाला ऑइल.
दुसरं टोक दातानं सोललं, चावलं,
एक ट्रक जाऊ दिला, चोथा थुंकला.
"अजून महिनाभर उभा ठेवायला पायजे होता."
मग, कोट झाडत,
"स्प्रिंगा हायत न्हवं माळ्यावर?"
"आहेत."
"असू देत."

पुढच्या ब्रेकरला न सांगता दार उघडलं,
उतरले, चालत पलीकडं गेले,
आणि माझ्या हेडलाइटच्या उजेडात
कमरेपर्यंतच दिसणारे आण्णा
हातानं खुणा करत राहिले:
डावं. अजून डावं.
ये.
ये.