टोकन

सोहारला रविवार शुक्रवारीच येतो.
कंपाउंडातल्या पत्र्याखाली मल्याळी मंडळी उठली
की साडेअकराला आमची पाळी,
खुर्च्या अजून कोमट.
शांतवन पाळकांनी आज प्रेषिताचं ते पत्र काढलं,
अधिकाऱ्यांच्या अधीन राहा सांगणारं.
कर ज्याचा त्याला, धाक ज्याचा त्याला, मान ज्याचा त्याला.
पंखा कुरकुरला. बाकी कुणी नाही.
इथं हे वेगळं शिकवावं लागत नाही :
प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड
आणि कार्डावर शेवटची तारीख.

मी टायपिंगवाला. मासळीबाजारामागं दुकान.
आठवडाभर दोन-दोन रियालांना
उजवीकडून डावीकडे बडवतो
सविनय, उपरोक्त, आपला आज्ञाधारक.
आजोबा शेवगावच्या चावडीवर दप्तर वाहायचे,
साहेबाच्या घोड्यापुढं पळायचे.
बाप्तिस्मा झाला तरी पळणं सुटलं नाही,
जोहार म्हणणं तेवढं सुटलं.

मंगळवारी हमूद आले. भला माणूस.
खजुराचा डबा, थर्मासमधला कहवा,
माझ्या मुलीच्या बारावीची चौकशी.
मग म्हणाले, लिही :
येल्लय्या, गवंडी, कामावरून पळाला.
लिहिलं.
‘पळाला’ टाईप करावं लागत नाही.
नमुन्यात तो शब्द आधीच बसलेला असतो,
आपण फक्त नाव घालायचं.

पळालेला येल्लय्या मागच्या रांगेत बसलाय.
ख्रिस्ती नाही. सावलीसाठी येतो,
आणि उपासनेनंतरच्या चहासाठी.
पाच महिन्यांचा पगार थकलाय,
पासपोर्ट हमूदच्या कपाटात.

मध्यस्थीची प्रार्थना आज माझ्याकडे.
सुलतानासाठी, मंत्र्यांसाठी, पोलिसांसाठी
मागत मागत सुरळीत आलो,
आणि ‘सर्व वरिष्ठांसाठी’पाशी जीभ अडली.
पत्र लिहिणारा तो माणूस आठवला.
पुढं एकदा चाबकासाठी बांधला गेला तेव्हा
त्यानं उभ्या असलेल्या शिपायाला विचारलं होतं,
चौकशीआधी मला मारायला
तुमचा कायदा परवानगी देतो का?
बंड नव्हतं ते.
अधीनच होता तो,
पण कायद्याला ऐकू जाईल अशा आवाजात.
मी आमेन म्हटलं. जरा उशिरा.
करुणानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

दुपारी शटर अर्धं ओढून
दुसरा कागद चढवला.
कामगार खात्याच्या माननीय अधिकाऱ्यांस.
अर्जदार येल्लय्या.
विषय थकलेला पगार, ताब्यात ठेवलेला पासपोर्ट.
खाली ‘आज्ञाधारक’ तसाच राहू दिला,
पहिल्यांदाच तो खरा वाटला.
हमूदच्या वर कुणीतरी आहे, त्याच्याही वर कुणीतरी;
ते पत्र काय फक्त गवंड्यांनाच धाडलं होतं?
मी शाईची डबी पुढं केली.
तो म्हणाला, सही येते मला,
आणि तेलुगूत काढली,
सावकाश, वीट बसवावी तशी एकेक अक्षर ठोकून.
पैसे घेतले नाहीत.

रविवारी सकाळी तो टोकन घेऊन बसला, चारशे बारा.
अकरापर्यंत एकशे नव्वद चालू होता.

खजुराचा डबा काउंटरवर आहे.
परत करावा तर कारण सांगावं लागेल,
खावा तर गळ्याखाली उतरत नाही.
माझंही कार्ड हमूदच्या धाकट्या भावाच्या नावावर आहे.
जूनमध्ये संपतं.