खारपाणात बारा रात्री

बॅगेत आधी शिरते माझी चादर.
मग नेलकटर, पांढरं मलम
(लोणच्याच्या जुन्या बरणीत, झाकण घट्ट),
दोन जोड सुती मोजे, जे मी पायांत कधीच घालत नाही.
मोजणीची टेप, गावनकाशे, ऑर्डर
हे सगळं वरून, उरलेल्या जागेत.

मुक्काम येवती खारीला, पोलीस पाटलांकडे.
मार्चमध्येच तिथल्या काळ्या रानाला अशा भेगा
की माझी काठी अर्धी आत उतरते,
आणि बोअरच्या पाण्यात साबण
फेस व्हायचं सोडून दुधासारखा फाटतो.

पहिल्याच आंघोळीला कोपराच्या आतली घडी म्हणाली,
ओळखलं मी हे पाणी.
रात्री अकराला सुरू झालं.
डॉक्टर म्हणतात, इसबाला घड्याळ नसतं.
माझ्या इसबाला आहे.
सरकारी कचेरीतल्यापेक्षा बरं चालतं.

घरी असते तर उठून
माठाखालचं ओलं फडकं हातावर टाकलं असतं,
पंखा पाचवर, आणि आईनं न बोलता कूस बदलली असती.
इथे भिंतीपलीकडे माणसं झोपलेली.
खाजवण्याला आवाज असतो, हे परक्या घरातच कळतं.
सकाळी पाटीलकाका म्हणाले,
"त्या खोलीत उंदीर हाय वाटते. मांजर सोड वं आज."
मी हसले. बाह्या मनगटापर्यंत ओढून.

रोज पहाटे सगळ्यांच्या आधी
चादर गोठ्यामागे नेऊन झटकायची.
कोंडा उडतो. कोंबड्या धावत येतात,
मान वाकडी करून बघतात,
आणि फसवल्यासारख्या परत जातात.

तिसऱ्या दिवशी अनसाकाकूंनी विचारलंच.
"हाताले काय झालं वं माय?"
इसब.
"लेकराइले लागत तं नाही ना?"
नाही.
हे 'नाही' मी चौथीपासून म्हणते आहे.
खरं असूनही दर वेळी थोडं खोटं वाटतं.
काकू गप्प.
दुपारी चहा आला, कान तुटलेल्या कपात.
काल तो कप काकांच्या हातात होता.
एवढं मी तपासते. सवय.

गावात उपाय तयारच होते:
करंजीचं तेल, कडुनिंबाचा पाला,
कोणाच्या तरी मावसभावाचा वैदू,
वांगं बंद.
मी सगळ्यांना हो म्हटलं
आणि रात्री वांगं दोनदा घेतलं.
ते तसं झालंच होतं.

आईचा फोन. झोप लागते का?
लागते.
मग हा आवाज कशाचा येतोय?
वारा आहे, म्हटलं. तुराट्यांत.
आई म्हणाली, बरं.
तिचं 'बरं' मला माझ्या 'नाही'सारखं वाटलं.

नवव्या रात्री अडीचला
मोजे हातांत चढवून बसले होते,
बाहुल्यांचा खेळ संपलेल्या माणसासारखी.
गल्लीत घागरी वाजल्या.
"नळ आले! नळ आले वं!"
अकरा दिवसांनी गोडं पाणी.
दिवे लागले, कुत्री उठली,
कोणी परकरावर, कोणी नुसत्या बनियनवर,
एक म्हातारा ड्रम गडगडवत.
काकूंनी दार ढकललं.
"जाग्याच हा ना? धरा हा गुंड."

रांगेत उभी राहिले, मोज्यांच्या हातांनी.
कोणी पाहिलं नाही,
का पाहून सोडून दिलं, ठाऊक नाही.
रात्री अडीचला इतकी माणसं जागी असतात
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

गुंड उचलताना पाणी हिंदकळलं,
मोजा भिजला, एक ओघळ मनगटावरून
थेट कोपराच्या घडीत गेला.
घडी काही म्हणाली नाही.
मी तशीच उभी. मागून कोणीतरी ओरडलं,
"सरका ना बाप्पा समोर!"

दुसऱ्या दिवशी न्हाणीत बादलीशेजारी
एक तांब्या झाकून ठेवलेला.
वर ताटली, ताटलीवर दगड.
"हे फक्त हाताले," काकू म्हणाल्या.
"दगड मांजरीसाठी ठेवला. तोंड घालते मेली."
मग जाता जाता, मागे न बघता,
"उंदीर काई सापडला नाही तिले."